तीन शिफ्टची बेगम

आमच्या गल्लीतली कुत्री आजारी पडली होती आणि ती आता बरी आहे. शेवट आधीच सांगून टाकते. ती आजारी असताना मी मोबाईलवर असे अनुभव शोधून वाचायचे आणि दरवेळी घाबरून शेवटची ओळ आधी बघायचे. वाचणाऱ्याला तो त्रास नको.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे इंग्रजीत लिहिलेलं काहीही असलं, लाईट बिल असो की औषधाची बाटली, ते माझ्या हातात येतं. बेगमचा आजारही असाच माझ्या हातात आला. मला सगळं नीट समजलं असा माझा दावा नाही. पण डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "लिही. दवाखान्यात येणाऱ्यांना उपयोग होईल. पुस्तकातलं लिहू नकोस, तुमचं काय झालं ते लिही." म्हणून लिहिते आहे.

कुत्री कुणाची

आम्ही बजाजनगरला राहतो. पप्पा वैजापूरकडच्या गावातून कंपनीत कामाला आले, तेव्हापासून याच गल्लीत आहोत. गल्ली कामगारांची. पप्पांची कायम पहिली शिफ्ट, ते उजाडायच्या आत निघतात. समोरच्या सुमनकाकू पॅकिंगला आहेत, त्यांची दुसरी शिफ्ट. कोपऱ्यावरचे सलीमचाचा एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला, त्यांची तिसरी. एक घरी येतो तेव्हा दुसरा निघालेला असतो आणि तिसरा झोपलेला असतो. भिंतीला भिंत लागून असलेली ही माणसं एकमेकांशी निवांत बोलतात ती फक्त सुट्टीच्या दिवशी.

बेगम मात्र तिन्ही शिफ्ट करते. कुणीही निघालं की कोपऱ्यापर्यंत सोडायला जाते, कुणीही आलं की घ्यायला येते. रंग भुरा, एक कान कापलेला, म्हणजे पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेलं. बेगम हे नाव चाचांनी ठेवलं. ते म्हणायचे, "देखो बेटा, बैठती कैसी! जैसे पूरी गल्ली इसके दहेज में आई."

ती कुणाची, असं कुणी विचारलं तर प्रत्येक घर आमची म्हणायचं. आमचे पप्पा सोडून. ते म्हणायचे, "कुत्र्याचं लई कौतुक नाय करायचं. कुत्रं ते कुत्रंच."

पोट

दिवाळीनंतर बेगमचं पोट सुटायला लागलं. हातपाय बारीक आणि पोट माठासारखं. सुमनकाकूंनी तिला एकदा वरून खाली बघितलं आणि जाहीर केलं, "दिवस गेलेत हिला."

आई म्हणाली, "आवो, ऑपरेशन झालंय तिचं."

"माझ्या नणंदंचं बी झालं होतं. तरी झालाच की पोरगा."

काकूंनी दुसऱ्या दिवशी खरंच डिंकाचे लाडू वळले. बेगमला अर्धा आणि उरलेले आम्हाला. बेगमने तो एका घासात गिळला आणि पुन्हा वर बघितलं.

कारण तिला भूक लागायची. खूप भूक. आधी ती मानी होती, हाक मारल्याशिवाय दारात यायची नाही. आता दिवसभर या दारातून त्या दारात फिरायची. आमची भाकरी, काकूंची पोळी, चाचांचा पाव, कुणी टाकलेली केळ्याची सालं, सगळं खायची. पाणी तर इतकं प्यायची की आईची बादली दुपारीच रिकामी. आणि जिथं बसेल तिथं ओलं. थंडीतसुद्धा जीभ बाहेर काढून धापा टाकायची. कंबरेवरचे केस गेले, कातडी कागदासारखी पातळ झाली. हळूहळू तिला आमच्या ओट्याच्या दोन पायऱ्या चढता येईनात. पुढचे पाय वर ठेवायची आणि तशीच थांबायची, कुणीतरी मागून उचलेल म्हणून.

डिंकाचे लाडू देऊन बरेच दिवस झाले आणि पिल्लं काही आली नाहीत, तेव्हा काकूच म्हणाल्या, "शीतल, तू कॉलेजात जाती. ने हिला दवाखान्यात."

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकते, कुत्रे नाही. पण हे गल्लीला समजावून सांगणं अवघड होतं.

दवाखाना

क्रांती चौकाच्या पुढे जनावरांच्या एक डॉक्टर मॅडम बसतात. मी आणि आई रिक्षाने गेलो. बेगम मधे बसून दोन्ही बाजूंनी बाहेर बघत होती, जणू तीच आम्हाला दवाखान्यात नेत होती.

मला अशा ठिकाणी बोलताना भीती वाटते. शब्द चुकेल असं वाटतं. बाकड्यावर बसलेल्यांची कुत्री मोठ्या जातीची होती, त्यांना बसायला छोट्या गाद्या होत्या. आमच्या बेगमच्या गळ्यात पप्पांच्या जुन्या लेंग्याची नाडी होती. पण मॅडमनी तिला टेबलावर घेतलं, पोटाखालून हात फिरवला आणि तिच्याशीच बोलायला लागल्या. "काय बाई, पाणी लागतं का जास्त? भूक? धाप लागते?" बेगम शेपूट हलवत होती आणि मी हो, हो म्हणत होते. मी न सांगता मॅडमनी सगळं कसं ओळखलं, याचं मला नवल वाटलं.

मग त्यांनी विचारलं, "काही गोळ्या, मलम, इंजेक्शन? खाजेचं वगैरे?"

"नाही मॅडम," मी म्हणाले. "मागच्या पावसाळ्यात खाजेसाठी थोडे दिवस गोळ्या दिल्या होत्या. बास." मला तेवढंच माहीत होतं.

त्या म्हणाल्या की मूत्रपिंडांजवळ दोन छोट्या ग्रंथी असतात, अॅड्रिनल नावाच्या. त्या कॉर्टिसोल नावाचं एक रसायन तयार करतात. ते थोडं हवंच, पण फार झालं की असं होतं. कधी त्या ग्रंथीवर गाठ असते, कधी मेंदूत. सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी केल्याशिवाय कळणार नाही.

गाठ हा शब्द ऐकून आईने माझा हात धरला. आमच्या गावात गाठ झालेलं माणूस परत आल्याचं आईने पाहिलेलं नाही. रिक्षातही तिने तो सोडला नाही. घरी आल्यावर पप्पांना सांगितलं, तेव्हा पप्पा म्हणाले, "माणसाला सोनोग्राफीला चार चकरा मारायला लागतात, अन् आपुन कुत्र्याची करायची?"

आई म्हणाली, "करायची."

पप्पांनी ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागले. आमच्या घरात होकार असा असतो.

तपासणी

तपासणीला उपाशीपोटी आणायचं होतं. म्हणून आदल्या दिवसापासून आम्ही बेगमला घरात बांधून ठेवलं. मॅडमनी बजावलं होतं की रिपोर्ट येईपर्यंतसुद्धा तिला बाहेरचं काही नको, फक्त घरचा साधा भात. मी गल्लीत दारोदार जाऊन सांगितलं. चाचा झोपेतून उठून आले. त्यांचा चेहरा पडला. "कुछ भी नक्को? पाव भी नक्को?"

"काहीच नको, चाचा."

"ठीक है. डॉक्टर बोली तो बोली."

सोनोग्राफीला बेगमच्या पोटावरचे उरलेसुरले केसही काढले. तिला काही वाटलं नाही. तपासणाऱ्या भाऊंनी मशीनचा तो गार तुकडा पोटावर ठेवला आणि ती चक्क घोरायला लागली. मग रक्त घेतलं, एक इंजेक्शन दिलं, तासभर बसवलं आणि पुन्हा रक्त घेतलं. इंजेक्शनने ग्रंथीला धक्का द्यायचा आणि ती किती रसायन सोडते ते बघायचं, असं मॅडमनी सांगितलं. मला ते आवडलं. आमच्या प्रॅक्टिकलमध्येही एखाद्या द्रावणात काय आहे ते बघायला आपण त्यात काहीतरी घालतो आणि वाट बघतो.

मॅडम मात्र सोनोग्राफी पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. "ग्रंथी मोठ्या दिसायला हव्या होत्या," त्या म्हणाल्या. "या तर अगदी बारीक आहेत. रक्ताचं येऊ दे."

सुट्टीचा दिवस

रिपोर्ट यायच्या आतच बेगम कोसळली.

कंपन्यांच्या सुट्टीचा दिवस होता. सकाळी मी भात घेऊन गेले तर तिने तोंड फिरवलं. सकाळभर उलट्या. मग मागचे पाय लटपटायला लागले. दुपारी ती फरशीवर आडवी पडली होती आणि नुसती थरथरत होती. हिरड्या पांढऱ्या पडलेल्या. मी हाक मारली तर डोळे हलले, मान हलली नाही.

मी रडायला लागले. आईने ओरडून काकूंना बोलावलं, काकूंनी चाचांना. सुट्टी असल्यामुळे सगळे घरीच होते. पप्पा आतून आले, कुत्र्याचं लई कौतुक न करणारे पप्पा, आणि त्यांनी बेगमला लहान बाळासारखं दोन्ही हातांवर घेतलं. रिक्षात आम्ही सगळे कसे मावलो ते मला आठवत नाही. चाचा ड्रायव्हरच्या बाजूला लटकून त्यालाच सांगत होते, "खड्डा बचा के भाई, मरीज है."

मॅडमनी बघितल्या बघितल्या सलाईन लावलं. मग त्या वळल्या आणि विचारलं, "तुम्ही हिचं काय बंद केलंत?"

"काही नाही मॅडम," मी म्हणाले. "तुम्ही सांगितल्याप्रमाणे फक्त भात दिला."

"मला आत्ताच रक्ताचा रिपोर्ट आलाय. हिच्या रक्तात हे रसायन जवळजवळ नाहीच. वरून बघाल तर जास्त झाल्यासारखी दिसते आणि रक्तात शून्य. म्हणजे बाहेरून येत होतं. आणि आता थांबलंय. काय बंद केलंत?"

मग पप्पांनी घसा साफ केला.

"मॅडम, ते... बिस्कीट बंद केलं."

"बिस्किटानं असं होत नाही."

"नाय, पण बिस्किटात गोळी असायची."

आईने पप्पांकडे बघितलं. मीही बघितलं.

"खाजंची," पप्पा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "ती मागल्या पावसाळ्यात दिली व्हती ती. लई गुण आला व्हता. मंग पुन्हा खाजवायला लागली. मेडिकलवाल्याला पाकीट दाखवलं, त्यानं दिली. सकाळी ड्युटीला जाताना एक द्यायचो."

"रोज?" आई म्हणाली.

"रोज."

आता सुमनकाकू कॉटला धरून उभ्या राहिल्या. "भाऊ, तुमी बी?"

"मंजी?"

"आवो, मी बी देती ना! त्याच मेडिकलमधून आणून. दुपारी निघताना. पोळीत गूळ लावून."

मग आम्ही सगळ्यांनी एकदमच सलीमचाचांकडे बघितलं. चाचांनी टोपी काढली, परत घातली.

"या अल्लाह," ते म्हणाले. "मैं पाव में देता."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं त्या आता रागावणार. त्या म्हणाल्या, "तीन शिफ्टमध्ये?"

"हौ मॅडम," चाचा म्हणाले. "हमकू क्या मालूम. हम मिलतेच कब?"

मॅडम वळून इंजेक्शन भरायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. हसत होत्या हे मला नंतर कळलं.

मशीन

त्या इंजेक्शनात तेच औषध होतं, जे आम्ही नकळत बंद केलं होतं. सलाईन अर्ध्यावर आलं तेव्हा बेगमने मान उचलली. थोड्या वेळाने तिने पप्पांचा हात चाटला. पप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. त्यांचे डोळे पाणावले होते आणि कॅलेंडरवर पर्शियन मांजराचं चित्र होतं.

मॅडमनी आम्हाला बसवून समजावलं. खाजेची ती गोळी स्टेरॉइडची. थोडे दिवस, डॉक्टरच्या सांगण्याने दिली तर औषध. पण रोज बाहेरून भरपूर मिळायला लागली की शरीरातल्या त्या दोन ग्रंथी आपलं काम सोडून देतात, बारीक होतात. आणि मग गोळी एकदम थांबवली की शरीरात काहीच उरत नाही.

पप्पांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे मॅडम, बाहेरून तयार माल यायला लागला म्हणून घरचं मशीन बंद पडलं. अन् आपुन मालाची गाडी बी बंद केली."

"अगदी बरोबर."

"मशीन चालू होतंय का परत?"

"बहुतेक होतं. गोळी हळूहळू कमी करत न्यायची, म्हणजे त्यांना जाग येते. वेळ लागतो. आणि कधी कधी होत नाही. मग जन्मभर गोळी, आणि एखादा दिवस चुकला की आज झालं तसं."

तो प्रश्न आमच्याबरोबर रिक्षात बसून घरी आला. गाठ नव्हती, याचा आनंद मला मोठ्याने करावासा वाटत होता, पण आमच्या प्रेमाने झोपलेलं ते मशीन उठेल का, हे कुणालाच माहीत नव्हतं. काकू पदराने डोळे पुसत म्हणत होत्या, "मी तर गुळासंगं देत व्हते गं." चाचा म्हणाले, "भाभी, रोव नक्को. मैं तो कभी कभी दो देता था."

ते ऐकून आई इतकी हसली की रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं.

टिळा

आता गोळी एकाच हाताने जायला हवी होती. त्यावरून गल्लीत सभा भरली. पप्पा म्हणाले मी देतो, काकू म्हणाल्या मी, चाचा म्हणाले मी. आई म्हणाली, "तुमी तिघं सोडून कुणीबी."

शेवटी आईच ठरली, कारण तिला शिफ्ट नाही. तिच्या डोक्यात एक कल्पना आली. गोळी दिली की बेगमच्या कपाळाला हळदीचा टिळा लावायचा. कुणी कधीही कामावरून येवो, कपाळ बघितलं की कळेल. पिवळं असेल तर आज गोळी गेली. कोरं असेल तर आईला उठवा, पण स्वतः काही करू नका.

मला आधी हसू आलं होतं. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, यापेक्षा चांगली पद्धत मलाही सुचली नसती.

गोळीचे आधी अर्धे तुकडे, मग पाव. मग एक दिवसाआड. प्रत्येक वेळी कमी केलं की सगळी गल्ली जीव मुठीत धरून बघायची. मी कॉलेजात असताना फोन यायचे. "शीतल, बेगमनं जांभई दिली. चालतंय का?" "बेटा, आज वो मेरेकू देख के भौंकी नै. कमजोरी तो नै?" मी वर्गाबाहेर येऊन मॅडमना विचारायचे. जांभई चालते. मग त्यांनीच सांगितलं की काय चालत नाही: उलटी, थरथर, आणि अन्न नाकारणं. अन्न नाकारलं तर लगेच आणा.

एका वाचणाऱ्याला तरी उपयोग व्हावा म्हणून इथं लिहून ठेवते. डॉक्टर जेव्हा विचारतात काही गोळ्या चालू आहेत का, तेव्हा फक्त स्वतःच्या घराचं उत्तर देऊ नका. जो जो त्या जनावराला खाऊ घालतो, त्या प्रत्येकाला विचारा. झोपेतून उठवून विचारा.

त्या महिन्यांमध्ये आणखी एक झालं. टिळा बघायच्या निमित्ताने लोक आमच्या ओट्यावर थांबायला लागले. दुसऱ्या शिफ्टला निघालेल्या काकू आणि झोपून उठलेले चाचा चहाला एकत्र यायचे. चाचांच्या मुलीचं लग्न ठरल्याचं पहिल्यांदाच गल्लीला वेळेवर कळलं, नाहीतर आम्हाला अशा बातम्या पत्रिका आल्यावर कळायच्या.

बेगमच्या कंबरेवर आधी मऊ लव आली, मग केस. पोट उतरलं. बादली संध्याकाळपर्यंत पुरायला लागली. एके दिवशी मी कॉलेजातून आले तर ती ओट्यावर बसलेली. मी आईला विचारलं, कुणी चढवलं? आई म्हणाली, "कुणी नाय."

भाकरी

मग गोळी पूर्ण बंद झाली. आता पुन्हा तीच तपासणी: रक्त, इंजेक्शन, पुन्हा रक्त. रिपोर्ट यायचा होता, आणि आम्ही सगळे सुट्टीच्या सकाळी ओट्यावर बसलो होतो. आईने तव्यावरची पहिली भाकरी बेगमपुढे टाकली.

बेगमने वास घेतला. तोंड फिरवलं.

आईच्या हातातला पिठाचा गोळा तसाच राहिला. काकूंनी भाकरीचा तुकडा मोडून तिच्या तोंडाशी धरला. बेगमने तो हुंगला आणि मान दुसरीकडे वळवली. मला त्या दुपारची फरशी आठवली. मी फोन काढला. मॅडमचा नंबर लावला. पप्पा तिला उचलायला खाली वाकलेसुद्धा.

बेगमने पप्पांच्या हाताखालून अंग काढून घेतलं. ती पुढे झाली, अख्खी भाकरी तोंडात धरली आणि ओट्याच्या पायऱ्या उतरून चालायला लागली. आम्ही सगळे तिच्या मागे. शेजारच्या बांधकामाच्या वाळूच्या ढिगापाशी ती थांबली. आजूबाजूला बघितलं. मग पुढच्या दोन्ही पायांनी वाळू उकरायला लागली, इतक्या जोरात की वाळू चाचांच्या धुतलेल्या पायजम्यावर उडाली. तिने भाकरी खड्ड्यात ठेवली, नाकाने वाळू लोटून झाकली आणि वर उभी राहून आमच्याकडे संशयाने बघितलं, आम्ही चोर असल्यासारखं.

फोन लागला होता. पलीकडून मॅडम हॅलो हॅलो म्हणत होत्या.

"मॅडम," मी म्हणाले, "तिनं भाकरी पुरली."

"पुरली? खाल्ली नाही?"

"नाही. नंतरसाठी ठेवली."

त्या म्हणाल्या, "पोट भरलं असेल तिचं. रिपोर्ट माझ्यासमोरच आहे. ग्रंथी जाग्या झाल्यात. मी तुलाच फोन करणार होते."

मी फोन स्पीकरवर टाकला आणि त्यांना पुन्हा सांगायला लावलं. पप्पा म्हणाले, "मशीन चालू!" चाचांनी वाळूने भरलेला पायजमा झटकत बेगमला सलाम केला.

आणि सुमनकाकू, ज्यांनी तिला महिनोन्‌महिने या दारातून त्या दारात भुकेने फिरताना बघितलं होतं, त्या ढिगाकडे बोट दाखवून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "अगं बाई, बघा! उद्याचं ठेवायला लागली की ही!"